बारावी टाचणी

बारा चाळीस झाले तरी बायकोचा पत्ता नव्हता, आणि शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शंभर किलोमीटरची सायकलफेरी, सात तासांची मुदत. एक वाजला की शेवटच्या रेघेजवळच्या टेबलावर उरलेली पदकं खोक्यात जाणार.

आजूबाजूच्यांना वाटत होतं, नवरा पदकासाठी कासावीस झालाय. शिंप्याची काळजी वेगळीच होती, आणि ती चारचौघांत बोलण्यासारखी नव्हती.

त्याच्याकडे लाल डोक्याच्या बारा टाचण्या होत्या. काम झालं की तो त्या उशीत खोचून मोजायचा आणि बारा भरल्याशिवाय कुणाचा कपडा दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही. पंचवीस वर्षांत या नियमाला खंड नव्हता. काल मात्र घात झाला. बायकोच्या पहिल्यावहिल्या फेरीसाठी त्याने खास पँट शिवली होती, बसायच्या जागी फोमचे तीन थर घालून. शेवटचा टाका पडतो न पडतो तोच तिने ती हातातून ओढून घेतली, घालून आरशासमोर मिरवली, आणि हा बघतच राहिला. मोजायचं राहून गेलं. आज पहाटे ती निघून गेल्यावर मोजल्या, तर अकरा.

त्याने सगळं दुकान पालथं घातलं. बारावी कुठे असणार हे कळायला ज्योतिषी नको होता. फोन करावा, तर तिने तो बंद करून ठेवलेला.

त्याने टेबलामागच्या मुलीला तिसऱ्यांदा विचारलं, “रस्त्यात कुणाला काही लागलंबिगलं नाही ना?”

“कुठे लागलं असेल म्हणता?”

शिंपी खोकला. “असंच आपलं. सर्वसाधारण.”

“काका, गणिताच्या बाई ना तुमच्या? नव्वदाव्या किलोमीटरच्या ठाण्यावरून कधीच निघाल्यात. येतील. तुम्ही जरा बसा बघू.”

बसा म्हटल्यावर त्याला आणखीच कसंसं झालं. तो उभाच राहिला.

शेवटच्या चढावर ती दिसली. तोंड लालबुंद, वेणी सुटलेली, आणि सीटवर बसलेली नाहीच! पॅडलवर उभी राहून ती सायकल रेटत होती. शिंप्याने कपाळावर हात मारला. एक्कावन्न वर्षांच्या बाईने शंभर किलोमीटर उभ्याने कापले, तेही आपल्यामुळे.

तिने रेघ ओलांडली तेव्हा एकला सहा मिनिटं कमी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुलीने तिच्या गळ्यात पदक घातलं. शिंप्याने धावत जाऊन सायकलचं हँडल धरलं आणि अभिनंदन करायचं सोडून भलतंच बोलू लागला.

“चुकलं माझं. टाचणी राहिली पँटमध्ये. मी मोजल्याच नाहीत गं. आणि तू अख्खा रस्ता उभ्याने...”

ती धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिली. मग हसू लागली, इतकी की तिला त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं लागलं.

“अहो, चढ होता म्हणून उभी होते. बाकी सगळी वाट राणीसारखी बसून आले. काय गादी केलीत!”

“मग टाचणी?”

“ती तर फेरी सुरू व्हायच्या आधीच सापडली. सीटवर बसले आणि टुणकन उठले. शेजारचा म्हणतो, बाई, अजून शिट्टी झाली नाही.”

तिने आपल्या छातीवरच्या नंबराच्या कागदाकडे बोट दाखवलं. कागदाच्या तीन कोपऱ्यांना सेफ्टी पिना होत्या. चौथ्या कोपऱ्यात, किंचित वाकलेली, लाल डोक्याची टाचणी.

“कोपरे चार, आणि त्यांनी पिना दिल्या तीन,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “तुमची नसती तर कागद दिवसभर फडफडला असता.”

शिंप्याचे डोळे भरून आले. सवयीने त्याचा हात टाचणीकडे गेला. तिने तो वरच्यावर धरला.

“राहू द्या. आज तुमच्या उशीत अकराच.”