स्कूटीचं मीटर

मल्लिनाथनं लग्नाचं विचारलं होतं. शिवानी आज उत्तर देणार होती. सात रस्ता चौकातल्या टपरीवर ती तासभर उशिरा पोचली, तरी त्यानं काही न विचारता चहा सांगितला. घरी अप्पा रोज संध्याकाळी तिच्या स्कूटीचं मीटर बघत आणि गाडी जास्त फिरली असली की जाब विचारत. “काळजी असते म्हणून विचारतात गं,” आई म्हणायची. मग ह्याला काळजीच नाही का? “मी कुठं होते, विचारणार नाहीस?” तिनं डिवचलं. “सांगावंसं वाटलं तर सांगशील की.” ती चिडून उठली, तडक स्कूटीवर बसली. मल्लिनाथ पळत येऊन गाडीपाशी वाकला, तशी तिनं चटकन तळहातानं मीटर झाकलं. त्यानं साइड स्टँड वर केला. “तशीच निघाली असतीस तर पडली असतीस.” तरी तिचा हात मीटरवरून निघेना.