सरांचा फ्लेक्स

'प्लास्टिकमुक्त कॅम्पस' मोहिमेच्या उद्घाटनाला कॉलेजच्या गेटवर भलामोठा प्लास्टिकचा फ्लेक्स लागला. त्यावर हातात रोपटं घेऊन हसणारे आमचे प्राचार्य. भाषण झालं, टाळ्या झाल्या, कचऱ्याच्या डब्यांवर सूचना चिकटल्या. आठवड्याभरात फ्लेक्स वाऱ्याने फाटून सायकल स्टँडमागच्या चिखलात येऊन पडला.

त्या स्टँडला छप्पर नाही. पावसात सीट भिजायच्या आणि आम्ही वर्गात ओल्या बुडाने बसायचो. छप्पर मागायला गेलं की प्राचार्य म्हणायचे, "बघू."

शेवटी आम्ही होस्टेलच्या मुलींनीच तो फ्लेक्स धुतला, कापला आणि त्याची सीटकव्हरं शिवली. कोणाला रोपटं आलं, कोणाला कान. माझ्या वाट्याला सरांचं हसू आलं.

दुसऱ्याच दिवशी केबिनमध्ये बोलावणं आलं. सरांचा पारा चढला होता.

"माझ्या तोंडावर बसून सायकली फिरवता? लाज नाही वाटत? आत्ताच्या आत्ता ती कव्हरं काढून कचऱ्यात फेका, नाहीतर एकेकीला कॉलेजमधून काढून टाकीन!"

बाकीच्यांच्या माना खाली गेल्या. माझी काही गेली नाही.



"फेकतो ना आम्ही, सर. पण कुठल्या डब्यात ते सांगा. कारण प्रत्येक डब्यावर तुमच्याच सहीची सूचना आहे, 'यात प्लास्टिक टाकणाऱ्यास कॉलेजमधून काढून टाकण्यात येईल.'"