गॅसचा की विजेचा

"मॅडम, दार काळं देऊ की स्टीलचं?" ट्रॅव्हिसनं विचारलं.

पाऊण तासात लेनोराला विचारलेला हा पहिला प्रश्न. कोणता ओव्हन घ्यायचा ते या विक्रेत्यानं आणि तिच्या नवऱ्यानं, व्हर्लिननं, परस्पर ठरवून टाकलं होतं. ती दोघं बारा महिने ज्या चाकांवरच्या घरगाडीत राहत, तिच्यातला जुना गॅसचा ओव्हन गंजून गळायला लागला होता, म्हणून नवाही गॅसचाच. तिच्या वाट्याला दाराचा रंग आला.

"विजेचा का नको?" ती म्हणाली.

दुकानाच्या आवारातल्या नमुन्याच्या घरगाडीत तिघं उभी होती. विजेचा, पंख्यानं गरम हवा फिरवणारा ओव्हन छातीएवढ्या उंचीवर बसवलेला. गॅसचा खाली, घोट्यापाशी.

व्हर्लिन हसला. "वीज कुठाय आपल्याकडे, राणी? आपण मोकळ्या वाळवंटात राहणारी माणसं. तारा जोडून राहायचं तर घर काय वाईट होतं?"

"जनरेटर आहे की."

"एका पावासाठी तासभर तो भुंकत ठेवू? शेजारी दगड मारतील." त्यानं ट्रॅव्हिसला डोळा मारला. "शिवाय जाळ तो जाळ. हिच्या हातचा मक्याचा पाव खाऊन बघ एकदा. अख्खा तळ वास घेत आमच्या दारात येतो."

हा वीज न घेण्याचा तोरा आमच्या तळावर, वाळवंटातल्या घरगाड्यांच्या वस्तीत, फार. मिरवतात पुरुष. पाव भाजतात बायका. त्या खालच्या ओव्हनला पेटवायचं म्हणजे आधी गुडघे टेकायचे, मग कोपर, मग गाल फरशीला लावून आत बोटभर भोक शोधायचं आणि तिथं काडी धरायची. जाळ मागून जास्त लागतो, म्हणून अर्ध्यात पुन्हा खाली बसून भांडं फिरवायचं. आणि पाव काढायला तिसऱ्यांदा. लेनोरानं हे अकरा वर्षं केलं होतं. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरनं तिच्या गुडघ्यांचा फोटो दाखवून खाली बसायची सक्त मनाई केली. व्हर्लिननं तो फोटो उजेडाकडे धरून नीट पाहिला, चुकचुकला, आणि दुसऱ्या दिवशी तिला गुडघ्यांखाली घ्यायला एक जाड उशी आणून दिली. चांगल्यातली होती. तळावर चार जणांना त्यानं ती दाखवलीही.

"मग तू पेटवून दाखव," लेनोरा म्हणाली.

"कोण, मी?"

"तूच. एकदा पेटव. मग गॅसचाच घेऊ, मी तोंड उघडणार नाही."

ट्रॅव्हिसनं काड्यांची पेटी पुढे केली. आता मागे फिरलं तर नाक कापलं जाणार, म्हणून व्हर्लिन खाली बसला.

"कुठाय ते भोक?"

"आणखी खाली."

"दिसत नाही."

"डोकं टेकव."

त्यानं डोकं टेकवलं. पोट आड येत होतं. शर्ट वर सरकला, पँट खाली घसरली आणि मागची निम्मी शोभा दोघांना दिसायला लागली. पहिली काडी विझली. दुसरीनं बोट भाजलं. तिसरीला त्यानं ओव्हन करणाऱ्या कंपनीच्या आईचा उद्धार केला, चौथीला ट्रॅव्हिसच्या काड्यांचा. पाचवी मोडली. सहावीला भप्पकन जाळ झाला आणि हातावरचे केस जळल्याचा घाण वास सुटला.

"पेटला!" तो आतूनच ओरडला. "बघ, काय मोठं होतं त्यात?"

मग तो उठायला गेला, आणि उठेना. एक गुडघा वर घ्यायचा, कण्हायचा, पुन्हा बसायचा. "हात द्या कुणीतरी," तो म्हणाला. लेनोरानं हात दिला नाही. ट्रॅव्हिसनं काखेत हात घालून पोतं उचलावं तसं त्याला उचललं आणि समोरच्या सोफ्यावर टाकलं.

बराच वेळ तो दोन्ही गुडघे चोळत बसला. चेहरा घामानं निथळत होता.

"छे, छे," शेवटी तो म्हणाला. "हे काय माणसाचं काम आहे? ट्रॅव्हिस, तू विजेचाच दे."

"पण साहेब, तुम्ही तर वाळवंटात…"

"जाऊ की तारावाल्या जागेत. लोक राहत नाहीत का? हट्टाला काही मर्यादा असते की नाही!"

लेनोराला हवं होतं तेच झालं. आनंद व्हायला हवा होता. पण तिला त्या माणसाची किळस आली, जेवताना घासात केस निघावा तशी. अकरा वर्षांत जे याच्या डोक्यात शिरलं नाही, डॉक्टरच्या फोटोनं शिरलं नाही, ते सहा काड्यांत शिरलं होतं. आणि गुडघे चोळताना त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून एक जोडपं आत डोकावलं. नुकतंच घर विकून निघालेलं असावं. दोघांचे बूट अजून कोरे होते. नवरा वाकून खालच्या ओव्हनकडे कौतुकानं बघायला लागला.

"तो घेऊ नका," व्हर्लिन सोफ्यावरून म्हणाला. "माझं ऐका. पार गुडघ्यांची वाट लागते. अनुभवानं सांगतोय."

ती बाई घाबरली. तिनं लेनोराकडे पाहिलं. "खरं का हो?"

"त्यांनाच विचारा," लेनोरा म्हणाली. "त्यांनी एकदा पेटवलाय."