जप्त केलेला पुरावा

उस्मानपुऱ्यातल्या एका सोसायटीच्या फलकावर सचिव पुंजारामजींच्या सहीची सूचना झळकली: ‘राजेंद्र सरांचे हाताने फेकायचे थर्माकोलचे विमान रविवारी भरकटून सचिवांच्या गच्चीतील टाकीवर आदळले व मोडले. रहिवाशांच्या जिवास धोका असल्याने मैदानावर विमान उडवण्यास कायमची बंदी.’

इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असलेल्या राजेंद्र सरांनी हयातभर बनावट सनदा उघड्या पाडल्या होत्या. आता उतारवयातला त्यांचा एकुलता एक विरंगुळा या एका कागदाने संपणार होता. ते सोसायटीच्या कार्यालयात गेले, चष्मा पुसून त्यांनी जप्त विमान न्याहाळले आणि अतिशय सौम्यपणे विचारले, “पुंजारामजी, याला कोणी हात लावला होता?”

“नाय सर! पडलं तसंच उचलून आणलं.”

“मग हा मोडका पंख सांधला कोणी? झटपट चिकटणारा गोंद थर्माकोलला खातो, म्हणून मी तो घरातसुद्धा ठेवत नाही. इथे त्याने बोटभर खड्डा पाडला आहे. आणि तोच गोंद तुमच्या अंगठ्यावर वाळलेला दिसतो.”


पुंजारामजींनी अंगठा मुठीत लपवला.

“सर, गच्चीत उतरलं तवा धड व्हतं. म्या एकदा फेकून पाहिलं, तर लई झ्याक उडालं. दुसऱ्या खेपेला टाकीवर आदळलं, अन् तिसऱ्या खेपेसाठीच चिकटवत व्हतो.”