गॅलरीतला आरसा

भाड्याचं घर मिळालं, पण भिंती बोडक्या आणि खिसाही रिकामा. गॅलरीत मात्र आधीचा भाडेकरू एक मोठा आरसा सोडून गेला होता. उंचावर, पुढे झुकवून तारेने बांधलेला. तोंड बघायला जावं, तर नुसते पाय दिसायचे.

"असा कोण लावतं हो आरसा?" तिने नवऱ्याला विचारलं.

"लहानपणी डोक्यावर पडला असेल बिचारा भाडेकरू!"

तिने आरसा काढून हॉलमध्ये लावला. फुकटात हॉल सजला, पण कोडं काही सुटेना.

दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या काकू दारात आल्या. "आरसा फुटला का गं? माझी आई अंथरुणाला खिळलीय. पडल्यापडल्या तिला त्यातून खालचा रस्ता दिसायचा. कालपासून विचारतेय, सगळी माणसं गेली कुठे?"