बत्तीस की बारा बोअर

बंदुकीच्या दुकानाचे मालक रेणुकादास यांनी बत्तीसचं रिव्हॉल्वर लाल कापडावर ठेवलं आणि काचेवरून पुढे सरकवलं.

"घ्या, बाई. हातात घेऊन बघा. परवाच एका पुढाऱ्यानं असंच नेलं."

"पुढाऱ्याचं अन् डुकराचं काय वाकडं हाय?" साहेबराव म्हणाले. "त्याला कंबरेला लावायचं असल."

पंचशीलाने सासऱ्यांकडे डोळे वटारून पाहिलं. कडेवरची वर्षभराची लेक सुजाता त्या चकचकीत वस्तूकडे झेपावत होती. तिला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं. पंचशीलाला हेच हवं होतं. लहान, पेटीत मावणारं, वरून कुलूप घालता येईल असं. लांब बंदूक घराच्या कोपऱ्यात उभी राहते, आणि रांगणारं मूल नेमकं कोपऱ्यातच जातं.

पण डुकरंही घरापर्यंत आली होती. पावसानं दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली, ओढे आटले, आणि जळकोटच्या डोंगरातली डुकरं मळ्यातल्या हौदावर यायला लागली. तीन महिन्यांपूर्वी एका सोमवारी भर दुपारी एक सुळेवाला नर सुजाताच्या झोळीला घासून गेला. झोळी हलली. पंचशीला हातात बादली घेऊन उभी होती. नवरा हिमायतनगरला मास्तर, शनिवारी येणार. तिनं दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांच्या नावाचा पडून असलेला अर्ज नव्यानं लिहून काढला आणि लातूरचं नवं कलेक्टर ऑफिस गाठलं. जिल्हा नवा झाला नसता तर उस्मानाबादच्या खेपा घालाव्या लागल्या असत्या. पीक राखण्यासाठी लायसन मिळालं, पण एकाच हत्याराचं. आज चुकलं की चुकलं.

"मामा, हेच घेऊ," ती हळूच म्हणाली.

साहेबरावांनी रिव्हॉल्वरला हात लावला नाही. त्यांनी शेजारची गोळी उचलली आणि तिच्या शिशावर नख रोवलं. नखाचा वण उठला.

"ह्यानं डुक्कर मरत न्हाई, सूनबाई. चिडतंय."

रेणुकादास हसले. "अहो बाबा, माणूस मरतो याने."

"माणसाला हितं ढाल नसती ना." साहेबरावांनी स्वतःच्या खांद्यावर थाप मारली. "जुन्या नराला हितं दोन बोटं जाड चिवट थर असतो. कोयता उसळतोय त्याच्यावर. ही मऊ गोळी तिथंच चपटी होती, कवडीवाणी. आतल्या काळजाला ठावंच पडत न्हाई."

रेणुकादासांचं हसू मावळलं. त्यांनी मागच्या फळीवरून एकनळी बारा बोअर काढली, सोबत बारीक छर्ऱ्यांचं काडतूस ठेवलं.

"हे पाखरांना," साहेबराव म्हणाले. "डुकराच्या कातडीखाली ते हुलग्यावाणी बसत्यात. जित्या डुकराच्या अंगात चार-चार वर्षं ऱ्हात्यात, वर मांस धरतंय."

"मग मोठे छर्रे?" रेणुकादासांनी विचारलं.

"ते लई जवळनं असलं तर. अन् ती एकच मोठी गोळी असती बगा शिशाची, अंगठ्याएवढी, ती. कानामागं न्हाई तर पुढच्या पायाच्या मागं. हाडाचा चुरा करून पार पल्याडच्या कातडीला जाऊन टेकती. पोटात मातर मारू नये. कोसभर पळतंय, अन् सगळं मटन नासतंय."

रेणुकादासांनी स्वतः उठून स्टूल पुढे केलं. "बसा, साहेबराव. अरे, दोन चहा सांगा रे!" मग त्यांनी बंदुकीची नळी खटकन वेगळी करून दाखवली. "बाई, हे दोन तुकडे ट्रंकेत, काडतुसं दुसरीकडे. किल्ली तुमच्या कंबरेला. झालं?"

पंचशीलाने दोन्ही तुकडे डोळ्यांनी मापले. घरची ट्रंक आठवून पाहिली. मावत होते. तिनं मान हलवली.

चहा आला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती आणि बोलणं ऐकत होती. रेणुकादास त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जुने शिकारी आता राहिले कुठे! साहेबराव, खरं सांगा, किती लोळवलीत आजवर?"

पंचशीलाचे कान तापले. घरात जे कधी बोललं जात नव्हतं ते तिला ठाऊक होतं. या परक्या माणसांपुढं ते निघायला नको होतं.

"त्यांनी मोजलीच नाहीत कधी," ती घाईनं म्हणाली.

साहेबरावांनी चहाचा ग्लास काचेवर ठेवला.

"खोटं कशापायी, सूनबाई? एक बी न्हाई." त्यांनी दुकानभर नजर फिरवली, आणि पंचशीलाने पाहिलं, ते ताठ बसले होते. "बंदुकीला आज पैल्यांदा हात लावणार हाव. मारणारे गोळी झाडून वाड्यावर जायाचे, शेठ. मेलेलं डुक्कर फाडायला गावकुसाभायरनं आमाला बोलवायचे. गोळी आत कुठवर गेली, ते त्यायला कधीच कळलं न्हाई. ते आमीच बगितलं."