गुडघ्याची साक्ष

घरात कुत्रं आलं तेव्हा सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. त्याला फिरवायला न्या म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायचा, आणि आज तर ते चक्क लंगडत होते. नेहमीचं नाटक, असं म्हणत सून एकटीच कुत्र्यासाठी चघळायचं हाड आणायला गेली.

दुकानदार हसला. “काल तुमचे सासरे येऊन गेले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, जे हाड आपटल्यावर आपल्या गुडघ्याला लागतं, ते कुत्र्याचा दात मोडतं. दुकानातलं एकेक हाड गुडघ्यावर आपटून बघितलं त्यांनी, तेव्हा कुठे एक पसंत पडलं.”

घरी येऊन सुनेने मलम काढलं. “बाबा, कुठला गुडघा?”

“दोन्ही,” सासरे नजर चुकवत म्हणाले. “एकाच्या सांगण्यावर भरवसा कसा ठेवायचा?”